बिल्ला नंबर सत्तेचाळीस

१

श्रीमार्तंड मिलचा भोंगा चोरीला गेल्याचं मला नवरात्राच्या पाचव्या माळेला सकाळी कळलं, तेव्हा माझ्या तोंडून 'कोणी नेला' असं न निघता 'किती वाजता' असं निघालं. एकोणीस वर्षं मी त्या मिलच्या टाइम ऑफिसात बसून लोकांना लेट मार्क लावले होते. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. माझी तर मिल मेली तरी गेली नव्हती.

बातमी आणली होती मिलचा वॉचमन लक्ष्मण याने. दारात उभा राहून तो टोपीशी चाळा करत होता.

"बाबूजी, काल-परवाकडे कधीतरी गेला असेल. मी आठ दिवसांतून एकदाच वर चढतो. आज चढलो तर भोंग्याच्या जागी नुसती लोखंडी पट्टी."

"आणि तू काय करत होतास?"

"गेटवरच होतो ना. समोर गरब्याचे लाउडस्पीकर लागले आहेत, संध्याकाळी सातपासून स्वतःचा आवाज ऐकू येत नाही. मिलचे साहेब म्हणून राहिले की वीस किलो पितळ वॉचमनच्या मदतीशिवाय जात नाही. दसऱ्याला सामानाची मोजणी आहे. तोवर भोंगा जागेवर नसला तर पोलिसात माझं नाव." तो थांबला. "बाबूजी, मी काय चोर दिसून राहिलो का?"

नव्हता दिसत. साल शहाण्णव होतं, मिल बंद होऊन चार वर्षं झाली होती. दसऱ्यानंतर सगळी यंत्रं लिलावात जाणार होती. बाकीचे आम्ही कुठे कुठे पांगलो, लक्ष्मण तेवढा गेटजवळच्या खोलीत बायकोसह राहून त्या गंजलेल्या मिलची राखण करत होता. नाव गेलं असतं तर खोलीही गेली असती, आणि साठीला टेकलेल्या माणसाला दुसरं दार कोण उघडणार?

भोंग्याविषयी काय सांगू? सकाळी सातला तो वाजला की परदेशीपुऱ्यात चुली पेटायच्या, मुलं शाळेसाठी उठायची, आणि माझ्या खिडकीसमोर रांग लागायची. त्याच्यावरून लोक घड्याळं लावत. तो बंद झाला त्या आठवड्यात मी रोज सातला अंगणात जाऊन उभा राहायचो. बायको हसायची. नंतर हसेनाशी झाली.

"चल," मी लक्ष्मणला म्हणालो. "शशिकलाताईंकडे जाऊ."

२

शशिकलाताई मिलच्या टूल स्टोअरवाल्या. त्यांचे यजमान जयसिंगराव आमच्याकडे फिटर होते. त्र्याहत्तर साली एका दुपारी काम करता करता छातीत कळ येऊन ते गेले, आणि मिलने त्यांच्या जागी बाईंना स्टोअरात घेतलं. साडी नेसून स्टोअरच्या जाळीमागे बसलेली ती एकटी बाई, आणि समोर चारशे पुरुष. पहिल्या महिन्यात लोकांनी तिची गंमत केली. दुसऱ्या महिन्यापासून ते तिला घाबरू लागले.

स्टोअरची पद्धत साधी होती. प्रत्येक कामगाराचा नंबर कोरलेला पितळी बिल्ला असे. हत्यार न्यायचं तर बिल्ला द्यायचा. बाई तो फळीवरच्या त्या हत्याराच्या खिळ्याला अडकवत. हत्यार परत आलं की बिल्ला परत. ताईंनी जन्मात नटबोल्टाचा एक आटा पाडला नसेल, पण कोण कोणतं हत्यार मागतो आणि कशा अवस्थेत परत करतो, यावरून त्या माणूस ओळखत.

मिल बंद झाली तेव्हा आम्ही प्रत्येकाने काही ना काही घरी आणलं. मी माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षाचं हजेरी रजिस्टर आणलं. त्यात एक नोंद अर्धवट आहे, ती मला नेहमी डाचते, पण ते असो. ताईंनी ती फळी आणली. त्यांच्या बैठकीत, देवघराशेजारी ती टांगलेली होती. सगळे खिळे मोकळे, फक्त एकावर बिल्ला. ही बाई एका हत्याराची उधारी चार वर्षं भिंतीवर टांगून ठेवते, असं म्हणून मी तिची थट्टाही केली होती.

आम्ही गेलो तेव्हा ताई माळ बांधत होत्या. देवघरात कुलदैवताच्या टाकांच्या रांगेत बोटाएवढं काहीतरी उभं होतं, हळदीकुंकवाचे इतके थर बसलेलं की ते काय आहे ते कळू नये. मी हात जोडले आणि लक्ष्मणची हकिकत सांगितली.

ताईंनी सगळं ऐकलं. मग एकच विचारलं, "लक्ष्मण, ती पट्टी तिथे तू बसवलीस?"

"नाही बाई. मी कशाला बसवू?"

"मग चोराने बसवली." त्यांनी माळ बाजूला ठेवली. "दिनानाथजी, मला छपरावर चढायचं आहे."

३

बॉयलर हाउसची शिडी सरळसोट आहे. बावन्न वर्षांच्या ताई पदर खोचून माझ्याआधी वर पोचल्या. माझा वर जाण्याचा तपशील मी देत नाही.

वर एक बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची, बैठक होती. तिला चार भोकं, आणि चार बोल्टांवर भोंगा बसायचा. आता तिथे दोन सूत जाडीची पट्टी चारही बोल्टांनी आवळून बसवली होती. ताईंनी पान्याने बोल्ट सोडवायला लावले आणि पदरावर ओळीने मांडले.

"काय दिसतं?"

"तीन जुने, एक नवा," मी म्हणालो. "नवा थोडा आखूड आहे."

"त्याचं टोक बघा. ग्राइंडरवर घासलंय."

त्यांनी जुना बोल्ट उचलून त्या चौथ्या भोकात बोटांनी फिरवला. तो गुमान आत गेला आणि तळाच्या थोडा आधी अडला. मग त्यांनी एक काडी भोकात घालून खोली पाहिली, करंगळी आत फिरवली आणि बाहेर काढली. करंगळीला काळा, चिकट लेप लागला होता. तो त्यांनी हुंगला आणि बराच वेळ अंगठ्याने चोळत राहिल्या.

"ताई, मला समजेल असं सांगा. मी घड्याळाचा माणूस."

"इथला चौथा बोल्ट गंजलेला होता, चोराच्या हातून तुटला. तुटका तुकडा त्याने हाताच्या ड्रिलने काढला आणि भोकात नवे आटे पाडले. आटे पाडायला टॅप लागतो, आटे कापणारी पोलादी कांडी. आपली मिल विलायती, सगळी इंची मापं, व्हिटवर्थचे आटे. आज बाजारात मिळतात ते एमएमचे. ह्याने हट्टाने अर्धा इंच व्हिटवर्थच वापरला आहे, म्हणून तर जुना बोल्ट त्यात चालतो."

"मग अडला का?"

"टॅपचा सेट तिघांचा असतो. पहिला निमुळता, तो वाट काढतो. दुसरा आटे खोल करतो. भोक आरपार असलं तर तेवढ्यावर भागतं. पण हे भोक तळाशी बंद आहे. तळापर्यंत आटे न्यायचे तर सपाट तोंडाचा तिसरा लागतो. ह्याच्याकडे तिसरा नव्हता. म्हणून शेवटचे तीन-चार आटे राहिले, आणि म्हणून बोल्ट तेवढाच घासून आखूड केला."

"हुशार आहे."

"दिनानाथजी, छपरावर लाइट आहे का?"

"मिलमध्येच नाही, तर छपरावर कुठून?"

"मग ग्राइंडर कुठे चालवला? बोल्ट घरी घासला. म्हणजे एका संध्याकाळी बोल्ट तुटला आणि दुसऱ्या संध्याकाळी तो तयारीनिशी आला." ताई उठून उभ्या राहिल्या. त्यांचा आवाज बदलला होता. "हा चोर भोंगा घेऊन गेला, आणि दुसऱ्या दिवशी जीव धोक्यात घालून भोक दुरुस्त करायला परत आला."

४

सियागंजच्या बाजारात ऋषभचं दुकान आहे. पुढे हत्यारं, मागे भंगार. लिलावात बोली लावणाऱ्यांत त्याचं नाव पहिलं होतं, त्यामुळे माझा संशय सरळ त्याच्यावर. पितळ म्हटलं की भंगारवाल्याच्या तोंडाला पाणी सुटतं, हे सांगायला टाइमकीपर लागत नाही.

"अर्धा इंच व्हिटवर्थचा टॅप सेट आहे का?" ताईंनी विचारलं.

ऋषभ हसला. "आंटी, वो तो म्यूझियममध्ये मिळेल. आता सारा माल पिथमपूरच्या नव्या कारखान्यांच्या हिशोबाने येतो. बारा एमएम घेऊन जा, एकदम फर्स्ट क्लास."

"एमएमचा टॅप इंची भोकात घातला तर?"

"जुने आटे खाऊन टाकेल. ना इधर का, ना उधर का."

मी मध्येच विचारलं, "आणि भोंग्याचं काय?"

"अंकल, मेरे ऊपर शक?" तो रागावला नाही, स्टुलावर मागे रेलला. "सुनो. मला चोरायचा असता तर हातोडा घेऊन गेलो असतो. पाच मिनिटांत काम. पट्टी कोण लावतं भिया, पाहुणा आहे का तो? आणि दसऱ्यानंतर तो मला लॉटमध्ये तसाच मिळणार. मग थेट भट्टीत."

"भट्टीत," ताई म्हणाल्या.

"आणखी काय करू आंटी, ओट्यावर ठेवू?" मग त्याला काही आठवलं. "हो, दोन-तीन महिने झाले, एक जण येऊन विचारत होता, भोंगा लिलावानंतर एक दिवसासाठी भाड्याने द्याल का. मी म्हटलं, मंडपाच्या खुर्च्या आहेत का त्या?"

"कसा होता दिसायला?"

"आता चेहरा कोण याद ठेवतं? पण 'आप' म्हणून बोलत होता. भंगारवाल्याशी आदराने बोलणारे कमीच येतात."

ताईंनी बारा एमएमचा एक टॅप आणि हँडल विकत घेतलं. ते कशाला, हे मी विचारलं, तर म्हणाल्या, "शिलाई मशीनचा पाय दुरुस्त करायचा आहे." लक्ष्मणच्या मानेवर तलवार आणि हिला शिलाई मशीन सुचत होतं. माझ्या कपाळाला आठी पडली असणार.

५

सहाव्या माळेला ताई मला तुकोजींकडे घेऊन गेल्या.

तुकोजी म्हणजे टूलरूमचे राजे. पणजोबा होळकरांच्या घोडदळात होते, हे ते दर पगाराच्या दिवशी सांगायचे. जयसिंगराव आणि ते जोडीदार, एकाच बाकावर काम करायचे. दोन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला आणि उजवा हात गेला. परदेशीपुऱ्यातल्या घराच्या ओसरीवर ते खुर्चीत बसले होते, हात मांडीवर ठेवलेला. अंगणात त्यांचा जुना व्हाइस होता आणि त्याशेजारी ग्राइंडर.

"या वहिनी. दिनानाथ, आज लेट मार्क कुणाला?"

"भावजी, आपला भोंगा गेला," ताई एवढंच म्हणाल्या.

तुकोजींनी मान खाली घातली.

"गेला तर गेला, वहिनी. वरून झाकलेलं आहे ना, आत पाणी नाही जाणार." मग एकदम म्हणाले, "खंडेनवमीला आठवतं? सगळी मशीनं धुऊन, झेंडूच्या माळा घालून पूजा व्हायची. आणि पूजा झाली की भोंगा. जयसिंग दोर ओढायचा. मी म्हणायचो, माझी पाळी कधी? तो म्हणायचा, पुढल्या वर्षी."

ताईंनी पदर डोळ्यांना लावला. मलाही भरून आलं. बिचारा, हात गेला तरी बॉयलरची काळजी सुटत नाही, असं वाटलं.

तेवढ्यात आतून तुकोजींचा भाचा आशिष चहा घेऊन आला. पिथमपूरला गिअरच्या कारखान्यात ऑपरेटर आहे, मामांकडे राहतो, त्यांचं सगळं करतो. चहा झाल्यावर तो आम्हाला कोपऱ्यापर्यंत सोडायला आला.

"काकू, लक्ष्मणभियाचं मामांना सांगू नका हं. डॉक्टरांनी टेन्शन द्यायचं नाही सांगितलं आहे."

"नाही सांगत," ताई म्हणाल्या. "पण दसऱ्यापर्यंतच."

तो गेल्यावर मी म्हणालो, "इथे येऊन काय मिळालं?"

"तो अर्धा इंची सेट मिलमध्ये एकच होता, दिनानाथजी, आणि त्याचा तिसरा टॅप त्र्याहत्तरपासून नाही. पहिला आणि दुसरा तुकोजीराव वापरायचे. मिल बंद झाली त्या दिवशी ते दोन्ही खिशात घालून गेटबाहेर जाताना मी त्यांना पाहिलं होतं. अडवलं नाही."

मी रस्त्यातच थांबलो. "म्हणजे तुकोजी? मग सरळ सांगा ना."

"टॅपच्या हँडलला दोन्ही हातांचा सारखा जोर लागतो. एका हाताने फिरवला तर टॅप तिरका जातो. ते भोक सरळ आहे. आणि ती शिडी तुम्हालाच जड गेली, तर त्यांना?"

"मग त्यांचा शागीर्द कुणीतरी."

"तोच विचार मी करते आहे." ताई हळू म्हणाल्या. "तुम्ही हजेरीपत्रक ठेवायचात. आठवून सांगा, वॉचमन होण्याआधी लक्ष्मण कुठे होता?"

मला आठवलं, आणि आठवल्याचं वाईट वाटलं. लक्ष्मण तीन वर्षं तुकोजींच्या हाताखाली होता.

६

आठव्या माळेला ताईंनी शिलाई मशीनचा बिडाचा पाय माझ्या खांद्यावर दिला. आधी आम्ही मिलच्या गेटवर गेलो.

"लक्ष्मण, यात एक भोक आहे, आटे पाडून दे. तुला येतं ना अजून?"

लक्ष्मणला त्या दिवशी स्वतःचं नाव आठवलं असतं तरी पुष्कळ होतं. तरी त्याने तो पाय दोन विटांमध्ये पक्का केला, टॅप उभा धरला, कोनातून दोनदा डोळा लावून पाहिला आणि फिरवायला सुरुवात केली. अर्धा फेरा पुढे, थोडा मागे. पुन्हा पुढे, पुन्हा मागे. काळा भुगा पडत गेला, तो त्याने तोंडाने फुंकला. काम झाल्यावर टॅप धोतराच्या सोग्याला पुसून ताईंना परत केला.

"दुसऱ्या बाजूलाही आहे, पण ते राहू दे," ताई म्हणाल्या. त्या हसत होत्या. चार दिवसांत पहिल्यांदा.

तिथून सरळ तुकोजींच्या घरी. आशिषची सुट्टी होती. तुकोजी ओसरीवर, समोर पाटावर झेंडूची फुलं आणि धुऊन ठेवलेली हत्यारं, दुसऱ्या दिवशीच्या पूजेची तयारी.

"आशिष, एवढं एक भोक करून दे रे," ताई म्हणाल्या.

"हाव काकू, दोन मिनिटांत." त्याने पाय व्हाइसमध्ये पकडला, टॅप हँडलमध्ये बसवला. हात सफाईदार होता. मग त्याने खिडकीतली तेलाची कुपी उचलली आणि भोकात चार थेंब सोडले.

"अरे गाढवा!" ओसरीवरून तुकोजी ओरडले. "बिडाला तेल? बिडाला तेल कोण लावतं? बीड कोरडं कापतात. तेल लावलं की भुग्याचा चिखल होतो, काळा लेप बसतो आत. कारखान्यात हेच शिकवतात तुम्हाला?"

आशिषचा हात हँडलवर तसाच राहिला. तो मामांकडे बघत नव्हता. ताईंकडे बघत होता, आणि ताई आपली करंगळी अंगठ्याने चोळत होत्या.

७

"बस," ताई त्याला म्हणाल्या. "भावजी, आता मी सांगते ते ऐका. दसऱ्यापर्यंत सांगायचं नाही म्हटलं होतं, पण उद्याच नवमी आहे. भोंग्यापायी लक्ष्मणचं नाव पोलिसात जाणार आहे."

तुकोजी आशिषकडे वळले. "लक्ष्मणचं? आशिष, तू तर म्हणालास कुणाला कळणार नाही म्हणून."

"मामा, मला वाटलं उद्या वाजवू आणि रातोरात परत लावून टाकू," आशिष खाली बघत म्हणाला. "मी रोज गेटवरून जात होतो. सांगायला तोंड उघडलं नाही. चुकलं माझं."

"चुकलं," ताई म्हणाल्या. "भोंगा नेलास ते मी समजू शकते. चार दिवस दुसऱ्याच्या गळ्यात फास बघत राहिलास, ते नाही."

आशिष रडू लागला. त्याला तसाच राहू देऊन ताईंनी मला समजावलं.

"तीन गोष्टी होत्या, दिनानाथजी. चोर भोक दुरुस्त करत नाही. ज्याला वस्तू परत आणून बसवायची आहे तोच आटे नीट करतो, पाणी जाऊ नये म्हणून पट्टी ठोकतो. एका दिवसासाठी भाड्याने मागणारा तोच. दुसरी गोष्ट, टॅप. भोंग्याला जुनेच बोल्ट बसायला हवेत म्हणून अर्धा इंच व्हिटवर्थ निवडला. ते जुन्या मिलवाल्याचं डोकं. आणि भावजी, मी फक्त भोंगा गेला म्हटलं. वर झाकण आहे हे तुम्हाला कुणी सांगितलं होतं?"

तुकोजी कसनुसं हसले.

"तिसरी गोष्ट, तेल. जुना मिलवाला बिडाला तेल लावणार नाही. लक्ष्मणनेही लावलं नाही. म्हणजे डोकं जुनं आणि हात नवे. जे हात कारखान्यात रोज पोलाद कापतात आणि ज्यांना तेलाची सवय आहे."

"मी त्याला सगळं सांगितलं होतं," तुकोजी म्हणाले. "कोणता टॅप, किती फेरे, बोल्ट किती घासायचा. बीड कोरडं कापायचं हे सांगायचं असतं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. वहिनी, भात गिळण्याआधी चावायचा, असं कुणी कुणाला सांगतं का?" ते थांबले. "मला एकदाच दोर ओढायचा होता. जयसिंग पुढल्या वर्षी म्हणाला होता."

ताई म्हणाल्या, "उद्या सकाळी सातला. मिलच्या गेटवर. लक्ष्मणला मी सांगते."

नवमीला पहाटेच आशिषने भोंगा आणि पंक्चरवाल्याचा हवा भरून ठेवलेला कॉम्प्रेसर हातगाडीवर आणले. लक्ष्मणने गेट उघडलं. आशिषला बघून त्याने हातगाडीला मागून हात लावला. तुकोजींची खुर्ची बॉयलर हाउसच्या पायाशी ठेवली. पाटावर हत्यारं मांडली. मी माझं घड्याळ आणि ते जुनं रजिस्टर ठेवलं. सगळ्यांवर हळदकुंकू, झेंडू.

ताईंनी पदराच्या गाठीतून काहीतरी काढलं आणि आशिषच्या हातावर ठेवलं. हळदीकुंकवाचे थर धुऊन काढलेले होते. बोटाएवढं, सपाट तोंडाचं पोलाद. त्यांच्या देवघरातलं.

"तिसरा," तुकोजी म्हणाले.

"ते गेले तेव्हा त्यांच्या खिशात होता. कपड्यांबरोबर घरी आला. मी स्टोअरात लागले, तरी जमा केला नाही. माझ्या देवघरात तेवीस वर्षं मिलच्या चोरीचा माल आहे, दिनानाथजी. म्हणून तर ते भोक बघताच मी सेट ओळखला." त्या आशिषकडे वळल्या. "वरची ती चारही भोकं त्यांनीच पाडलेली आहेत. चौथं तू अर्धवट सोडलंस. आधी चिखल पूस, मग तळापर्यंत ने. कोरडं."

आशिष वर गेला. खाली आम्हाला टॅपची करकर ऐकू येत होती, थोडी पुढे, थोडी मागे. मग चार पुऱ्या लांबीचे बोल्ट, त्यांवर भोंगा, आणि भोंग्याला कॉम्प्रेसरची नळी. दोराचं टोक खाली आलं. ते तुकोजींनी डाव्या हाताला गुंडाळलं आणि ओढलं.

वाफेऐवजी नुसती हवा, त्यामुळे आवाज जरा बारीक निघाला. पण तो तोच होता. गेटबाहेर दारं उघडली. कुणी टूथब्रश तोंडात घेऊन आलं, कुणी पोर कडेवर घेऊन. एक म्हातारी आपल्या नातसुनेला हात वर करून काहीतरी दाखवत होती. तुकोजींनी दोर सोडला नाही, हवा संपेपर्यंत. सात वाजून दोन मिनिटं झाली होती. मी लेट मार्क लावला नाही.

दसऱ्याला साहेब आले, शिडीच्या दोन पायऱ्या चढले, तिथूनच मान वर करून बघितलं आणि यादीवर खूण केली. लक्ष्मणची खोली राहिली. पुढे लिलावात भोंगा ऋषभकडे गेला आणि त्याने तो भट्टीत घातला. तो खोटं बोलला नव्हता.

पण मला सांगायचं आहे ते नवमीच्याच सकाळचं. भोंगा वाजून गेल्यावर ताई मला घरी घेऊन गेल्या. तुकोजींनी दिलेले पहिला आणि दुसरा, आणि आशिषने पुसून दिलेला तिसरा, असे तिन्ही टॅप त्यांनी एका रुमालावर ओळीने ठेवले. मग फळीवरच्या त्या एकाच खिळ्यावरून बिल्ला काढला. तेव्हा मी पहिल्यांदा त्यावरचा नंबर वाचला. सत्तेचाळीस.

मला काखेतलं रजिस्टर उघडायची गरज नव्हती, तरी मी उघडलं. त्र्याहत्तरमधल्या त्या दिवसाचं पान. बिल्ला नंबर सत्तेचाळीस, जयसिंगराव, आत सकाळी सात वाजता. बाहेरची जागा रिकामी. त्या दिवशी त्यांना स्ट्रेचरवरून नेलं, आणि माझ्या खिडकीवरून ते गेलेच नाहीत. नोकरीला तीन महिने झालेल्या मला ती जागा कशी भरायची ते कळलं नव्हतं.

"सेट जमा झाला," ताई म्हणाल्या. त्यांनी बिल्ला देवघरात, टॅपच्या रिकाम्या जागी ठेवला. "वेळ लिहा, दिनानाथजी."

मी घड्याळ पाहिलं आणि लिहिलं. बाहेर, सात वाजून बावन्न मिनिटं.